बीटलचा ऑइल कूलर: 1971 चा की बाहेरचा?
कोथरूडच्या एका स्नेह्यांकडे 1967 ची फोक्सवॅगन बीटल आहे. उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना तेल फार तापते, म्हणून 1971 पासून आलेला, बाजूला सरकवलेला ऑइल कूलर (तेल गार करणारा भाग) बसवावा की नळ्यांचा बाहेरचा कूलर जोडावा, अशा पेचात ते आहेत.

जुना कूलर इंजिन हवेने गार करणाऱ्या पंख्याच्या आवरणातच उभा असल्याने तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा अडते व तो अधिक तापतो. 1971 च्या रचनेत कूलरला हवेची स्वतंत्र वाट मिळते आणि हे दुखणे मुळातून कमी होते. मात्र आवरण व पंखाही बदलावा लागतो, त्यामुळे खर्च आणि मेहनत मोठी, पण एकदाच. बाहेरचा कूलर अधिक उष्णता काढतो, परंतु नळीचा प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा असते, आणि अवघे अडीच लिटर तेल असलेल्या इंजिनाला ती परवडत नाही. थर्मोस्टॅट (तेल गार असताना ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) नसेल, तर डिसेंबरच्या सकाळी तेल लवकर तापतही नाही.

त्यांचा कूलर उघडला तेव्हा पात्यांमध्ये तेलकट धुळीचा काळा थर होता. आधी तो साफ करावा आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रविवारी डेक्कनपर्यंत जाणाऱ्याला तेवढे पुरते. वारंवार घाट चढणाऱ्याने 1971 ची रचना घ्यावी; बाहेरचा कूलर वाढीव ताकदीच्या इंजिनासाठीच ठेवावा.