टेबल आहे, कॉफीचा मग आहे, वाजवणारा नाही: कोथरूडमधला एक ‘लेट नाईट’

कार्यक्रमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंडळी तरुण आहेत, पदरचे पैसे घालून करतायत, आणि आत्ताच नावानिशी चार शब्द ऐकवले तर त्यांच्या पुढच्या प्रयोगात विनोदाचा विषय मीच असेन. कोथरूडमधलं छोटं सभागृह, शनिवार, रात्री साडेनऊ, मराठीतला ‘लेट नाईट टॉक शो’ (यजमान आधी विनोद सांगतो, मग पाहुण्यांशी गप्पा मारतो, तो अमेरिकन प्रकार), तिकीट ४९९ रुपये. जाहिरात ज्यांनी पाहिली असेल त्यांना एवढ्यावर कळेल.

मी कोण, तर ढोलकीवाला. नंतर ऑक्टोपॅडही आला, पण हाताला वळण ढोलकीचं. ऑर्केस्ट्रात उमेदीचा सगळा काळ गेला, त्याआधी थोडे दिवस तंबूतल्या तमाशातही वाजवलं. त्यामुळे विनोद मी कायम बोलणाऱ्याच्या पाठीमागून पाहिलाय. समोर बसून पाहायची सवय उशिरा लागली.

आधी तिकिटाचं बोलू. ४९९ वर ऑनलाइन कन्व्हिनियन्स फी वेगळी. सोय नेमकी कुणाची झाली ते कळलं नाही, कारण दारात छापील प्रत मागितलीच. न्यूयॉर्कच्या असल्या शोंना प्रेक्षकांना तिकीट फुकट असतं. आधी नाव नोंदवायचं, रांगेत उभं राहायचं, आत जायचं आणि जोरात हसायचं, एवढंच काम. फुकट आलेला माणूस हसायची तयारी करूनच येतो. पुणेकराने पाचशे रुपये मोजले की तो हाताची घडी घालून बसतो आणि मनात म्हणतो, ‘हं, हसवा.’ या पोरांसमोरची पहिली अडचण ही होती, आणि ती त्यांच्या लक्षात आलेली दिसली नाही.

वेळेचं मात्र कौतुक. अमेरिकेतले हे रात्रीचे शो खरं तर संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला मुद्रित होतात आणि तिकडे रात्री ११:३५ ला दाखवतात. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९:०५ वाजलेले असतात. मी त्यांचे तुकडे यूट्यूबवर बघतो ते पोहे खाताना. म्हणजे रात्र ना त्यांची खरी, ना माझी. इथे निदान खरोखरची रात्र होती. पडदा साडेनऊला उघडायचा तो दहाला दहा कमी असताना उघडला, तोवर माझ्या शेजारचे काका बायकोला विचारून मोकळे झाले होते की शेवटची मेट्रो चुकली तर रिक्षाचे किती घेतील.

नेपथ्य नीट होतं. टेबल प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, पाहुण्यांचा सोफा त्याच्या डावीकडे, मागे रात्रीच्या पुण्याचा मोठा छापील पडदा: झेड ब्रिज, नदी, लांबवर पर्वती. टेबलावर मग. मगात काय होतं ते देव जाणे, पण यजमान दर दोन मिनिटांनी तोंडाला लावत होता. फक्त सोफा कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उचलून आणलेला, इतका बुटका की तिसऱ्या रांगेतून पाहुण्याचं कपाळ तेवढं दिसायचं. पहिल्या दोन रांगांनी कुरकुर केली नाही. त्यात बहुतेक घरचीच माणसं होती.

सुरुवातीला एक मुलगा प्रेक्षकांना तापवायला आला. ही पद्धत तिकडची, आणि चांगली आहे. चित्रीकरणापूर्वी एक विनोदवीर येतो, लोकांना सैल करतो, टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगतो. या मुलाने ‘औंधवाले कोण? पेठेतले कोण?’ असं विचारायला घेतलं. पेठेतल्यांनी हात वर केला नाही. मी बाजूने बघत होतो, निम्मं सभागृह पेठेतलं होतं.

मग यजमान आला. उंच, आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ, हातांचं काय करायचं ते माहीत असलेला. उभ्याने आठ-दहा मिनिटांचं बोलणं. पुणेरी पाट्यांवरचे विनोद आले, ते मी सोडून देतो, कारण त्या पाट्यांपेक्षा ते विनोद जुने झालेत. हेल्मेट आलं, तेही तसंच. चांदणी चौकावरचा मात्र अस्सल होता. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवीन सगळं उघडलं, आणि तेव्हापासून तिथे गेलेला माणूस मुळशीला निघतो आणि बावधनला पोचतो, अशी प्रस्तावना करून तो म्हणाला, ‘परवा तिथे मॅपवाली बाई दोन मिनिटं गप्पच बसली. मग म्हणाली, काच खाली करून कुणाला तरी विचारा.’ सभागृह फुटलं.

आणि इथेच मुख्य तक्रार. सभागृह फुटलं, हसून झालं, लोक पुढचं ऐकायला गप्प झाले, आणि तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला: टडम्, टिश्.

कोपऱ्यात ‘बँड’ म्हणून जे लिहिलं होतं तो एक कीबोर्डवाला आणि एक लॅपटॉपवाला मुलगा. ड्रमचे ठोके लॅपटॉपमध्ये भरलेले. पोरगं गुणी असेल, पण त्याची नजर पूर्ण वेळ पडद्यावर. यजमानाच्या चेहऱ्याकडे तो एकदाही बघेना. विनोद संपला हे कानाला कळणार, मग बटण शोधणार, मग दाबणार, मग त्या यंत्राला आवाज काढायला लागतो तेवढा वेळ. एवढ्यात लोकांचं हसून होतं.

तमाशात बतावणीला, म्हणजे विनोदी संवादांना, सोंगाड्या उभा राहिला की ढोलकीवाला त्याच्या खांद्याकडे बघतो. शेवटचा शब्द यायच्या आधी खांदा जरासा उचलतो, श्वास आत जातो. ते दिसलं की उजवा हात पुडीच्या, म्हणजे ढोलकीच्या कातड्याच्या, वर तयार. शब्द पडला की थाप. हसू की नको अशा विचारात प्रेक्षक असतो ती फट फार लहान असते, थाप त्या फटीतच पडायला लागते. जरा आधी पडली तर विनोद मेला, जरा नंतर पडली तर ती वरात निघून गेल्यावर वाजलेल्या बँडसारखी. हे बटणाने होत नाही असं नाही, पण बटण दाबणाऱ्याने माणसाकडे बघायला हवं.

आणि बँडचं खरं काम जमलेल्या विनोदाला नसतंच, ते पडलेल्या विनोदाला असतं. अमेरिकेत जॉनी कार्सनने ‘द टुनाईट शो’ १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं चालवला. त्याचे विनोद काही रात्री सपशेल आपटायचे. मग डॉक सेव्हरिनसनचा बँड एक जुनी धून सुरू करायचा आणि कार्सन तिथल्या तिथे पाय हलवत नाचून घ्यायचा. लोक विनोदाला हसले नसतील एवढे त्या फजितीला हसायचे. तिकडचाच दुसरा यजमान डेव्हिड लेटरमन, त्याच्याकडे बँडला पॉल शॅफर असायचा, तो वाजवता वाजवता उलट बोलायचाही. आपल्याकडे १९९७ साली शेखर सुमनने सोनीवर ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ आणला तेव्हाही बँड बसवलेला होताच. सगळ्यांना हा खर्च का करावासा वाटला असेल? शनिवारी हेल्मेटचा विनोद पडला तेव्हा आमचा यजमान एकटा उभा होता. त्याने टेबलावरचा मग उचलून एक घोट घेतला. कोपऱ्यातून काहीच नाही. लॅपटॉपवाल्याने बहुतेक विनोद संपलाय हेच धरलं नव्हतं.

बसल्यावर दहा कलमी यादी झाली. ही लेटरमनची मिरास. १८ सप्टेंबर १९८५ ला त्याने पहिली यादी वाचली तेव्हापासून जगभर सगळे वाचतात. इथे विषय होता ‘पुण्यात भाड्याने घर देताना मालक विचारतात ते दहा प्रश्न’. दहाव्यापासून उलटं मोजत यायचं, हे त्याने बरोबर केलं. सातवा प्रश्न, ‘तुमच्याकडे येणारे पाहुणे साधारण किती वाजता जातात?’ आणि तिसरा, ‘तुम्ही हसता का? नाही, खाली आई झोपलेली असते.’ हे दोन्ही मला आवडले. पहिल्या क्रमांकाच्या आधी ड्रमची गडगड लागते, ती आली नाही. त्याऐवजी बासरी वाजली. चुकीचं बटण.

पहिल्या पाहुण्या मालिकेतल्या एक अभिनेत्री, नवीन सिनेमा घेऊन आलेल्या. यजमानाने हातातली कार्डं वाचली. शूटिंगचा अनुभव कसा होता? छान. सेटवर धमाल करायचात का? खूप. अजून काय सांगाल? तिकडे पाहुण्याशी आधीच कुणीतरी बोलून घेतं, कुठले किस्से रंगतात ते टिपून यजमानाला देतं, मग समोर ते ‘सहज’ निघतात. त्या बाई बोलक्या होत्या, मध्यंतरात वडा खाताना बाहेर आम्हा चार जणांना त्यांनी एक भन्नाट किस्सा सांगितला. तो स्टेजवर आला असता तर पैसे तिथेच वसूल होते.

वडा गार होता. कॉफी साठ रुपये. पुढे.

मध्यंतरानंतर आलेले पाहुणे पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, निवृत्त कंडक्टर. नोकरीला लागले तेव्हा पीएमटी होती. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीशी जोडून पीएमपी झाली, तेव्हा ‘दोन पगार मिळतील असं वाटलं होतं’ हे त्यांचं पहिलंच वाक्य. त्या बुटक्या सोफ्यावर ते अगदी कडेला बसले आणि डावा हात उगाच वर दांडा शोधत होता. यजमानाने ते पाहिलं, कार्डं टेबलावर उपडी ठेवली, आणि पुढची वीस मिनिटं ‘मग?’ याशिवाय फारसं काही बोलला नाही. त्याच्यात खरा यजमान आहे हे मला तेव्हा कळलं.

काका सांगत होते, मुलाच्या लग्नात फोटोसाठी सगळे नातेवाईक स्टेजच्या पायरीशीच अडकलेले. ‘माझ्या तोंडून निघून गेलं, दारात उभं राहू नका, आत सरका, आत सगळं रिकामं आहे. सगळे सरकले की हो! सवयीनं सरकले. व्याही म्हणाले, आता डबल बेल द्या, म्हणजे जेवायला सोडतील.’ मग त्यांनी खिशातून पेन काढून टेबलाच्या कडेवर दोन ठोके दिले. टक टक. सभागृहात जो हशा झाला त्याला तोड नव्हती. त्या संध्याकाळी वेळेवर पडलेली थाप हीच एक, आणि ती कंडक्टरने दिली.

कार्सनची एक जुनी मुलाखत यूट्यूबवर आहे, १९८७ ची. मर्टल यंग नावाच्या बाई, बटाटा वेफर्सच्या कारखान्यात तपासनीस, प्राण्यांच्या नि माणसांच्या आकाराचे वेफर्स जमवायच्या. त्या दुसरीकडे बघतात, तेवढ्यात कार्सन लपवलेल्या वाडग्यातला साधा वेफर कुरकुरीत चावतो. आपल्याच संग्रहातला खाल्ला असं वाटून बाईंचा चेहरा असा होतो की बस. सिनेतारकांच्या मुलाखती लोक विसरले, ही अजून बघतात. आमच्या यजमानाने हा धडा घ्यावा. दर महिन्याला एक नट चालेल, पण एक कंडक्टर, एक मंडईतली भाजीवाली, एक मांडववाला हवाच.

शेवटी दोन मुलांनी गिटारवर अभंग म्हटला. गायले बरे, ध्वनी वाईट. गिटार एवढी पुढे की विठ्ठल मागे राहिला. वीस वर्षांचा कुणीही साउंडवाला हे दोन मिनिटांत सुधारेल.

तिकडे या धंद्याला उतरती कळा आहे म्हणतात. लेटरमनने सुरू केलेला, १९९३ पासून चालत आलेला ‘द लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करणार असं सीबीएस वाहिनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. तिकडे दुकान आवरायला घेतलंय आणि आपली पोरं कोथरूडात नवीन फळी लावतायत, याला धाडस म्हणायचं की पुणेरीपणा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला धाडस वाटतं.

जायचं असेल तर चौथ्या-पाचव्या रांगेत डावीकडे तिकीट काढा, सोफ्याचा कोन तिथून बरा. दुचाकी आत लागते, चारचाकी असेल तर घरीच ठेवा. वडा घरून खाऊन या. मी पाचपैकी तीन तारे देतोय, त्यातले दीड कंडक्टरकाकांचे. प्रयोगानंतर यजमान दारात उभा राहून लोकांना विचारत होता, कसं वाटलं. मी त्याला लॅपटॉपचं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, ड्रमर परवडत नाही.’ ढोलकीवाला किती घेतो हे त्याने अजून विचारलेलं नाही.