रिलेशनल अल्जिब्रा: सराव वहीत की रिलॅक्सवर?

रिलेशनल अल्जिब्रा म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांवर चालणारं गणित. त्यातला सिग्मा (σ) अटीत न बसणाऱ्या ओळी गाळतो, पाय (π) हवे ते रकाने ठेवतो. एवढ्यापुरतं वहीत करा नाहीतर रिलॅक्स या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर, फरक पडत नाही. दमछाक होते ती भागाकारात: ‘सगळे विषय घेतलेले विद्यार्थी कोण?’ इथे मी वहीच्या बाजूने. प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक विषयाशी जोडी लावायची, त्यातून प्रत्यक्षातल्या जोड्या वजा करायच्या. उरले ते काहीतरी राहून गेलेले. त्यांना मूळ यादीतून वजा केलं की उत्तर. तीन विद्यार्थी, दोन विषय, सहा जोड्या हाताने लिहून बघा. ती दुहेरी वजाबाकी एकदाची डोक्यात बसते.

इन्सब्रुक विद्यापीठाचा रिलॅक्स हा ब्राउझरमध्ये चालणारा कॅल्क्युलेटर. भागाकार तो झटक्यात करून देतो, म्हणूनच आधी उघडू नये. त्याचा खरा उपयोग चूक शोधताना: सूत्राच्या पायऱ्यांचं झाड दिसतं, फांदीवर क्लिक केलं की तिथवरचं उत्तर समोर. वहीत आपणच आपले परीक्षक, चूक बिनबोभाट पुढे सरकते. उदाहरणार्थ, पाच ओळींत तीनच वेगळी शहरं असतील तर शहराच्या रकान्यावर पाय तीनच ओळी देतो. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) मात्र डिस्टिंक्ट (पुनरावृत्ती काढणारा शब्द) न लिहिल्यास पाच. वहीत हे माझ्या नजरेतून कितीदा निसटलं, रिलॅक्सवर पहिल्याच दिवशी दिसलं.