महागडी सीट घ्यावी का? लांब उड्डाणातल्या जागेचा हिशेब

लांबचं तिकीट काढताना सीटच्या नावाला भुलू नये. 'एक्स्ट्रा', 'प्लस', 'कम्फर्ट', 'प्रीमियम' हे शब्द प्रत्येक विमानकंपनी आपल्या मर्जीने वापरते. कुठे 'प्लस' म्हणजे तीच साधी सीट, फक्त समोरची ओळ तीन-चार इंच पुढे सरकवलेली. तर कुठे तसलंच नाव वेगळ्या केबिनमधल्या रुंद सीटला दिलेलं. म्हणून तुलना चार आकड्यांची करायची: पिच, रुंदी, पाठ किती मागे पडते आणि एका ओळीत किती माणसं बसवली आहेत. पाचवा आकडा कंपनी सांगत नाही, तो आपण काढायचा: या उड्डाणात प्रत्यक्ष झोपेला किती तास उरतात? जास्तीचे पैसे वसूल होणार की नाही, हे माझ्या मते निम्म्याहून जास्त या पाचव्या आकड्यावर ठरतं.

आधी पिच. एका सीटवरच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. ही पायांची मोकळी जागा नव्हे, कारण सीटच्या पाठीची जाडीही त्यातच मोजलेली असते. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत पिच साधारण ३१-३२ इंच असतो. पाठ पातळ असेल आणि मासिकं ठेवायचा खिसा गुडघ्यांच्या वर नेलेला असेल, तर ३१ इंचही पुरतात. पाठ जुनी, गुबगुबीत असेल तर ३२ सुद्धा कमी पडतात. आपल्याला किती लागतं हे घरीच मोजता येतं. खुर्चीची पाठ भिंतीला लावून ताठ बसण्यापेक्षा सरळ स्टुलावर बसा, कंबर भिंतीला टेकवा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप लावा. माप २५ इंचांच्या पुढे गेलं, तर साध्या ओळीत गुडघे समोरच्या पाठीला घासणार असं धरून चाला. २३ च्या आत असाल, तर फक्त पायांच्या जागेसाठी पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

रुंदीकडे लोक बघतच नाहीत आणि अंग आखडतं ते बहुतेक वेळा रुंदीमुळे. बोईंग ७७७ मध्ये एका ओळीत ३-४-३ असे दहा जण बसवले, की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १७ इंच येतात. पूर्वी याच विमानात नऊ जण बसायचे. बोईंग ७८७ मध्ये बहुतेक कंपन्या ३-३-३ बसवतात, तिथेही १७ च्या आसपासच. (जपान एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये मात्र २-४-२ अशी आठचीच ओळ आहे. तो फरक खांद्यांना लगेच कळतो.) एअरबस ए३५० मध्ये नऊच्या ओळीत आणि ए३३० मध्ये आठच्या ओळीत साधारण १८ इंच मिळतात. एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो. पण बहुतेक पुरुषांचे खांदे मुळातच १८ इंचांहून रुंद असतात, तेव्हा १७ च्या सीटवर तिघांचे सहा खांदे एकमेकांवर चढणारच. एकाच मार्गावर दोन विमानांचा पर्याय असेल, तर आधी विमान बदलून पाहा. फुकटातला अपग्रेड म्हणावा असा हाच एक.

आता जास्त लेगरूमच्या सीटा. साध्या केबिनमध्ये ३४ ते ३६ इंचांच्या ज्या ओळी असतात, त्यांत सीट तीच, रुंदी तीच, जेवण तेच. दिवसाचं उड्डाण आणि लांब पाय, एवढ्या दोन अटी जुळल्या तर पैशाला सर्वांत जास्त जागणारी सीट हीच. रात्री मात्र तिचा उपयोग निम्मा होतो. पाय सुटतात, पाठ तेवढीच मागे जाते आणि मान लोंबकळते ती लोंबकळतेच.

एक्झिट रो, म्हणजे आपत्कालीन दरवाजाजवळची ओळ, आणि बल्कहेड, म्हणजे केबिनच्या भिंतीलगतची पहिली ओळ, या दोन्ही 'पुढे कोणी नाही' म्हणून महाग विकल्या जातात. घेण्याआधी त्यांची खोड समजून घ्या. पुढे सीट नाही, म्हणून ट्रे आणि बहुधा स्क्रीनही आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेले असतात. त्यामुळे आर्मरेस्ट जाड, पक्का, वर न उचलता येणारा. बसायची जागा कमरेपाशी इंचभर अरुंद होते, ट्रे उघडला की तो मांड्यांवरच येतो आणि बाजूला पसरायला वाव राहत नाही. अंगाने भरलेल्या माणसाने ही सीट घेऊ नये, मग पाय कितीही लांब असोत. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायांशी पर्ससुद्धा ठेवू देत नाहीत. औषध, चष्मा, चार्जर सगळं वर, आणि पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत हात चोळत बसायचं.

मोठ्या विमानात दरवाजाशेजारच्या खिडकीच्या सीटबद्दल तर वेगळंच सांगायला हवं. नकाशावर तिच्यापुढे ऐसपैस मोकळी जागा दिसते. पण दरवाजाच्या खालच्या भागात आपत्कालीन घसरगुंडी भरलेली असते आणि तो फुगीर भाग नेमका पायांच्या जागेत येतो. एक पाय सरळ, दुसरा तिरका, असं दहा तास बसायचं. शिवाय दरवाजालगत गार लागतं, जवळच स्वच्छतागृह असेल तर रांग आपल्याच पायांशी उभी राहते. त्याच ओळीतली आइलची, म्हणजे चालायच्या वाटेलगतची, सीट बरी. बल्कहेडच्या भिंतीवर तान्ह्या बाळांचे पाळणे अडकवायची सोय असते, म्हणजे शेजार कोणाचा असेल ते ओघाने आलंच. आणि भिंतीला टेकलेले पाय समोरच्या सीटखाली सरकवता येत नाहीत. फार उंच माणसाला बल्कहेडपेक्षा त्यामागची साधी ओळ सोयीची पडते ती यामुळे. एक्झिट रोमध्ये बसणाऱ्याने प्रसंगी दरवाजा उघडायला मदत करायची असते. सोबत लहान मूल असेल, गरोदर असाल किंवा हालचालीची अडचण असेल, तर पैसे भरलेले असले तरी ऐनवेळी उठवतात.

प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे साधा वर्ग आणि बिझनेस यांच्या मधली केबिन, हा खरा वादाचा विषय. तिकीट साधारणपणे साध्याच्या दीडपट ते दुप्पट असतं. त्यात मिळतं काय? पिच सुमारे ३८ इंच, रुंदी साडेअठरा ते साडेएकोणीस, पाठ साध्या सीटच्या जवळजवळ दुप्पट मागे. ७७७ मध्ये दहाच्या जागी आठ, ७८७ मध्ये नऊच्या जागी सात माणसं. दोन सीटांमध्ये रुंद आर्मरेस्ट, त्यामुळे कोपरांची लढाई संपते. माझ्या लेखी या केबिनचं मोठं दान हेच, पायांची जागा नंतर. वर सामानाची मर्यादा वाढते आणि चेक-इनची रांग छोटी असते. जास्तीची बॅग तुम्ही एरवीही पैसे भरून नेणार असाल, तर ती रक्कम फरकातून वजा करूनच सीटची किंमत ठरवा. कित्येकदा फरक निम्म्यावर येतो.

पण ही सीट झोपेसाठी म्हणून विकली जाते, तिथे मी हात आखडता घेईन. पाठ कितीही मागे पडली तरी तुम्ही बसलेलेच असता. पोटरीखाली उचलून येणारा आधार चित्रात छान दिसतो. प्रत्यक्षात तो पोटरीच्या मध्यावरच संपतो, टाचा अधांतरी राहतात आणि माणूस हळूहळू खाली घसरतो. पायाखालची आडवी दांडी त्यापेक्षा कामाची, पण पहिल्या ओळीत ती अनेकदा नसते. समोरच्याने पाठ पूर्ण पाडली की तुमचा लॅपटॉप उघडत नाही आणि खिडकीकडच्याला शेजाऱ्याला उठवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पाठीचं दुखणं असलेल्यांना, रुंद बांध्याच्या लोकांना आणि बारा तासांच्या वरच्या दिवसाच्या उड्डाणाला मी ही सीट जरूर सुचवेन. आठ तासांच्या आत असेल तर नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे अठरा तासांचं उड्डाण सिंगापूर एअरलाइन्स ए३५०-९००यूएलआर विमानाने करते. त्यात १६१ सीटा आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी ठेवलेलीच नाही.

बिझनेसमध्ये प्रश्न एकच: सीटचा पलंग पूर्ण सपाट होतो का? ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेसमध्ये सपाट पलंग आणला, तरी जुन्या विमानांत आजही तिरप्या उतरणीची सीट गाठ पडू शकते. तिच्यावर झोपलं की रात्रभर पायांकडे सरकत राहायचं. दुसरी खूण ओळीतल्या अक्षरांची. सीट नकाशात एका ओळीत चारच अक्षरं असली, म्हणजे १-२-१ अशी मांडणी असली, तर प्रत्येकाला थेट बाहेर पडता येतं. सहा असली तर खिडकीकडच्याला झोपलेल्या शेजाऱ्याच्या पायांवरून ओलांडावं लागतं. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही ती पायांच्या कोनाड्याची. पलंग सपाट झाला की पाय समोरच्या सीटशेजारच्या खोबणीत जातात आणि काही मांडण्यांत ती इतकी चिंचोळी असते की कूस बदलताना गुडघे अडकतात. केबिनच्या पहिल्या ओळीत, जिथे समोर सीट नसते, तो कोनाडा बहुधा मोठा असतो. उंच माणसाने तीच ओळ धरावी. असे बारकावे कंपनीच्या नकाशात दिसत नाहीत. एअरोलोपासारख्या संकेतस्थळावरचे प्रमाणात काढलेले नकाशे जास्त खरे असतात. तिथे खिडकी आणि सीट यांची जुळणीही दिसते.

आता तो पाचवा आकडा. रात्रीच्या सात तासांच्या उड्डाणात पट्टे सुटेपर्यंत अर्धा तास, जेवण आवरेपर्यंत दीड तास, उतरण्याआधी दिवे लागून नाश्ता येतो त्याचा एक तास. उरले चार. चौदा तासांच्या उड्डाणात हीच वजावट करून, निवांत धरलं तरी आठ तास झोपेला मिळतात. समजा साधं तिकीट १०० ला पडतं. सात तासांना बिझनेस ३५० ला असेल तर झोपेचा एक तास साडेबासष्टला पडला. चौदा तासांना ४०० असेल तर साडेसदतीसला. आकडे कल्पित आहेत, आपल्या तिकिटाचे घालून बघा. जाताना दिवस आणि येताना रात्र असेल, तर दोन्हीकडे प्रीमियम घेण्यापेक्षा जाताना साधी आणि येताना बिझनेस हा हिशेब कधी कधी जवळपास त्याच पैशात बसतो. मध्ये विमान बदलायचं असेल, तर अपग्रेड फक्त लांब टप्प्याचा मागावा.

वरच्या वर्गातल्या रिकाम्या सीटसाठी बोली लावायची सोय अनेक कंपन्या देतात. बोली माणशी आणि टप्प्यागणिक असते हे विसरून लोक फसतात: दोघांचे दोन टप्पे म्हणजे लिहिलेल्या रकमेच्या चौपट. निकाल उड्डाणाच्या दोन-तीन दिवस ते काही तास आधी लागतो आणि स्वीकारली की पैसे लगेच कापले जातात, माघार नाही. बोली टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्याच सीटचा थेट रोख अपग्रेड किती आहे, कारण कधी तो बोलीच्या किमान रकमेच्या आसपासच असतो. आणि सामान व माइल्स (प्रवासावर मिळणारे गुण) जुन्या तिकिटाप्रमाणे मोजणार की नव्या, हे अटींत वाचा. चेक-इन उघडल्यावर, साधारण २४ तास आधी, उरलेल्या सीटांचा भाव पुन्हा एकदा पाहावा.

दोघे प्रवास करत असतील तर मागच्या ओळीत खिडकी आणि आइल घेऊन मधली सोडायची जुनी युक्ती अजून चालते. विमान भरलेलं नसेल तर मधली रिकामी राहते, कोणी आलाच तर त्याला आइल द्या, तो नाही म्हणणार नाही. ७७७ च्या शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे काही ओळी तीनऐवजी दोनच्या असतात. जोडप्याला ती जागा प्रीमियमच्या खालोखाल. शेवटची ओळ तेवढी टाळा, तिथे पाठ बहुधा मागे जात नाही. एअर न्यूझीलंडच्या स्कायकाउचमध्ये तीन सीटांचे पायांचे आधार वर उचलून कोच बनतो, पण त्याची लांबी जेमतेम पाच फूट. आई आणि लहान मूल यांच्यासाठी उत्तम, दोन मोठ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

पायात रक्ताच्या गुठळ्या होतील या भीतीने कोणी वरचा वर्ग घेत असेल, तर थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो असं आढळलं, तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच आहे. कारण आहे न हलता बसणं, आणि ते बस-रेल्वेलाही लागू. आइलची साधी सीट आणि दर दोन तासांनी एक फेरी, हा उपाय सीट बदलण्याहून स्वस्त. आधी गुठळी झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच निघा.

शेवटचा मुद्दा पैसे परत मिळण्याचा. निवडलेली सीट ही हमी नसते. विमान बदललं की ओळींचे क्रमांक बदलतात आणि पैसे भरलेली सीट दुसऱ्याच जागी जाऊन बसते. म्हणून उड्डाणाच्या एक आठवडा आधी आणि आदल्या दिवशी बुकिंग उघडून पाहा. बसल्यावर दरवाजे बंद होण्याआधी पाठ, पायाचा आधार, स्क्रीन आणि चार्जिंग चालवून बघा. बिघाड असेल तर तेव्हाच सीट बदलून मिळण्याची शक्यता असते. नाही मिळाली तर कर्मचाऱ्यांना नोंद करायला सांगा आणि बिघाडाचा फोटो ठेवा. वर्गच खाली उतरवला तर युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली येणाऱ्या उड्डाणांत तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परतावा अंतरानुसार मिळतो. लांब पल्ल्याला बहुधा ७५. तो मागताना मूळ तिकीट आणि ज्या सीटवर प्रत्यक्ष बसलात तिचा बोर्डिंग पास, दोन्ही लागतात. त्यामुळे गेटवर नवा पास हातात ठेवला तरी जुना फाडून टाकू नका.