चादरीचं घर की विकतचा तंबू?

घरात ‘घर-घर’ खेळायला मुलांना आडोसा लागतो. विकतचा तंबू पटकन उभा राहतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तोच सोयीचा. पण त्यावर किल्ला छापलेला असेल, तर तो बहुतेक वेळा किल्लाच राहतो. शिवाय पॉलिस्टरच्या कापडात हवा कोंडते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना मूल आत टिकत नाही.

सोलापुरी चादर मात्र आज दुकान, उद्या एसटी, परवा गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा! अडचण तिच्या वजनाची. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्यांवर टाकली आणि मुलानं ओढली, की खुर्ची अंगावर येते. म्हणून एक कड पलंगाच्या गादीखाली हातभर खोचा, दुसरी जड लाकडी टेबलावरून सोडा. वर पुस्तकं, डबे ठेवू नका, डोक्यात पडतात. दोरी तर नकोच, गळ्यात अडकते. दोन बाजू उघड्या ठेवा. उन्हाळ्यात जुनं सुती लुगडं किंवा धोतर घ्या.

चार वर्षांपुढे आम्ही चादरच सुचवू. छप्पर घसरलं तरी लगेच हात घालू नका. ते पुन्हा कसं उभारायचं यावर मुलं खूप बोलतात. टेबल हलताना दिसलं, तरच पुढे व्हा.