दुकानाच्या काचेवरचे पुसता येणारे रंग : आखाजी ते दिवाळी वापरून

दिवाळीची चित्रं काचेवरून उतरली, आता लिहितो. जळगावात माझं साड्यांचं दुकान आहे, तोंड पश्चिमेला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, फ्लेक्स सोडून पहिल्यांदा काचेवरच गौराई, झोका, आंबे काढून घेतले. पुढे कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण), पोळा, गणपती, दिवाळी सगळं काचेवरच झालं. पोस्टर कलर, लिक्विड चॉक मार्कर आणि ॲक्रिलिक असे तिन्ही वापरून झालेत.

आधी मार्कर, कारण राग त्याचाच आहे. ‘ओल्या फडक्याने निघतो’ असं पाकिटावर लिहिलंय आणि काचेवरून तो निघतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भाजून निघालेला गुलाबीसुद्धा निघाला. पण दोन काचांच्या सांध्यातली पांढरी सिलिकॉनची पट्टी! तिच्यात तो गुलाबी शिरला तो शिरलाच. काच गुळगुळीत, रंगाला आत जायला वाव नाही. सिलिकॉनचं आणि रबराचं तसं नसतं. साबण लावला, स्पिरिट लावलं, टूथब्रशने घासलं, डाग तिथेच. बायको म्हणते, तुमच्याशिवाय तो कुणाला दिसतच नाही. मला दिसतो, शटर वर केलं की आधी तोच दिसतो. पट्टी कापून नवी भरायची तर मजुरी मार्करच्या अख्ख्या सेटपेक्षा जास्त. कंपनीला फोटो पाठवले, तर वापरलेली वस्तू बदलून मिळणार नाही असं उत्तर आलं. मी बदलून मागितलीच नव्हती, डाग कशाने जाईल एवढंच विचारलं होतं. ‘कडेच्या रबराला लावू नका’ अशी एक ओळ छापायला किती शाई लागते?

ॲक्रिलिक दिसायला सगळ्यात भारी, पण वाळला की प्लास्टिकचा पापुद्राच. कोमट पाण्याने भिजवून ब्लेडने सोलावा लागतो. काचेला आतून सन कंट्रोल फिल्म असेल तर तिथे ब्लेड लावायचं नाही, फिल्म फाटते. बाजारात कुणी चुना-फेव्हिकॉलचा स्वस्त उपाय सांगेल, तोही नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, आणि ओल्या चुन्याचा क्षार काचेला चांगला नाही.

पोस्टर कलरबद्दल माझं मत मात्र पार फिरलं. त्यातला डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून पावसाळ्यात तो बाद असंच मी धरून चाललो होतो. पेंटर काकांनीही आधीच बजावलं होतं, “भाऊ, पानी पडनं ते समदं वाही जाई.” पण कानबाईच्या वेळी त्यांनीच चित्र आतून काढलं. अक्षरं उलटी लिहायची आणि थरही उलटे द्यायचे. डोळे, नथ, बाह्यरेषा आधी, मागचा रंग शेवटी. काच आधी स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवला आणि रंगात भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाकले, त्याने रंग काचेवर थेंब-थेंब न होता पसरतो आणि नंतर सुटतोही सहज. पण जाड थर देऊ नये, वाळला की पोपडे धरतो. श्रावणभर बाहेर पाऊस पडला, आत कानबाईची नथही पुसट झाली नाही. शिवाय पोस्टर कलर तिन्हींत स्वस्त. फ्लुरोसंट छटा तेवढ्या टाळा, पश्चिमेच्या उन्हात त्या लवकर उडतात.

पुसायच्या पाण्याकडेही लक्ष द्या. आमच्या बोअरच्या पाण्याने काच पुसली की वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि रंगच निघाला नाही असं वाटतं. आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून क्षारयुक्त. एसीच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत धरतो, त्यात क्षार जवळपास नसतातच. फुकट मिळतं आणि काच लख्ख होते. या एका गोष्टीवर मी फार खूश आहे.

लग्नसराईची चित्रं पोस्टर कलरने, आतूनच. मार्कर उरलेत ते भाव लिहायला वापरीन, तेही सांध्याला आधी मास्किंग टेप लावून.