क्लबचं रिकव्हरी किट: जून ते जानेवारी वापरल्यानंतर

क्लबात थार, जिमनी, गुरखा आणि जुन्या जिप्सी अशा सगळ्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्या आहेत. पावसाळ्यात कोकणातल्या वाटा आणि दिवाळीनंतर देशावरचं काळं रान, अशा दोन्हीकडे रुतलेली गाडी बाहेर काढायचं हे किट वापरून झालं. किटमध्ये सगळ्यात महाग दोर, पण सगळ्यात जास्त कामाला आलं ते हवा मोजायचं गेज.

डांबरी रस्त्यावरची ३० पीएसआय हवा तशीच ठेवून चिखलात उतरलं, की गाडी रुतायला वेळ लागत नाही. १८ ते २० वर आणली की टायरचा तळवा लांब होतो आणि पकड येते. कोकणात लाल चिखलाच्या पातळ थराखाली जांभा असतो, तिथे २० च्या खाली जाऊ नका. जांभ्याची धार टायरची बाजू चिरते आणि तिथलं पंक्चर निघत नाही. ओली काळी माती मात्र खाचांत भरून टायर गुळगुळीत करते, तिथे हवा कमी करून फारसा फरक पडत नाही. एक ऊन खाऊ द्यावं, मग जावं. १५ च्या खाली हवा असताना जोरात वळवलं, तर टायर रिमवरून सुटू शकतो.

परत हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या. मोठा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटवर लावला की फ्यूज जातो. इंजिन चालू ठेवा आणि दोन टायर झाले की कॉम्प्रेसर थंड होऊ द्या. आमच्या पहिल्या कॉम्प्रेसरचा प्लास्टिकचा कनेक्टर तिसऱ्या महिन्यात फुटला. आता पितळी आहे.

कायनेटिक दोर २२ मिलिमीटर जाडीचा, ९ मीटर लांब, नायलॉनचा. ताणला की तो साधारण ३० टक्के वाढतो आणि त्या ताणातच अडकलेली गाडी उचलून येते. कमी ताणणारा टोइंग पट्टा या कामाला लावू नका, सगळा झटका हुकवर बसतो. आधी फावड्याने चाकांपुढचा आणि डिफरन्शियलपुढचा (एक्सलच्या मध्यावरचा फुगीर भाग) चिखल काढायचा. गाडी पोटावर बसलेली असेल तर हे टाळून चालतच नाही. मग दोन्ही गाड्यांमध्ये दीड-दोन मीटर ढील ‘एस’ आकारात ठेवायची. ओढणारी गाडी फोर लो (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर), दुसऱ्या गियरमध्ये, ताशी ८-१० किलोमीटरने. अडकलेल्याने त्याच वेळी हलका गॅस द्यायचा. बघणारे दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, आणि दोराच्या रेषेत कुणीच नाही. दोन-तीन झटक्यांत आली नाही तर थांबा, पुन्हा खणा. नायलॉन तापतो, त्याला मूळ लांबीवर यायला वेळ लागतो.

दोर कशाला अडकवता यावर सगळं आहे. ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला (टो बॉल) कधीही नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा टो हुकसुद्धा सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरताच. चेसीला बोल्ट केलेला पॉइंटच धरा. दोन दोर जोडताना मध्ये लोखंडी शॅकल (कडी) नको, सॉफ्ट शॅकल (दोरीची कडी) वापरा. टोकाला डी-शॅकल (पिनची लोखंडी कडी) असेल तर पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर हाताने उघडत नाही.

प्रत्येक ड्राइव्हनंतर दोर साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवतो. आत गेलेली वाळू धागे कापते. वाळल्यावर बोटांनी दाबत पूर्ण लांबी तपासायची. कुठे कडक किंवा चपटा लागला तर तो बाद. आमच्या दोराचा एक फास सात महिन्यांनी केसाळ झालाय, पुढच्या पावसाळ्याआधी बदलणार.

ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायची दातेरी फळी) उत्तम, पण चाक गरगर फिरवलं की त्याचे दात वितळतात. चाकाखाली घट्ट सारून फोर लोमध्ये हळूच चढवायचं. हाय-लिफ्ट (गाडी उंच उचलायचा) जॅक चिखलात स्वतःच बुडतो, खाली फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी लागते. शिवाय कंपनीच्या प्लास्टिक बंपरला तो टेकवायला जागा नाही. त्याच्या जागी आता दुसरं फावडं ठेवलंय.