एप्रिलमधले हिरवे कुरण दाखवून विकलेली जमीन

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पूर्वेकडील मैदानात घोडे किंवा शेळ्या पाळू इच्छिणाऱ्यांना 35 एकरांचे तुकडे विकले जातात. त्याहून लहान तुकडे पाडायचे तर काउंटीची, म्हणजे स्थानिक जिल्हा प्रशासनाची, मंजुरी लागते, म्हणून जाहिरातींत हाच आकडा सतत दिसतो. असाच एक तुकडा आम्हाला ‘मूळची प्रेअरी (गवताळ प्रदेश), ब्लू ग्रामा आणि वेस्टर्न व्हीटग्रास’ (ही दोन तिथली मूळची चराऊ गवते) असे सांगून एप्रिलमध्ये दाखवण्यात आला, चराऊ जमीन म्हणून चढा भाव लावण्यात आला आणि मे संपण्यापूर्वी व्यवहार उरकण्याची अट घालण्यात आली. जूनमध्ये ते हिरवे रान आधी जांभळट आणि मग पिवळट होऊन पार वाळले, कारण त्यातले बहुतेक गवत चीटग्रास, म्हणजेच डाउनी ब्रोम, निघाले.

हे वर्षायू गवत शरद ऋतूत उगवते, रोपाच्या रूपात हिवाळा काढते आणि वसंताच्या आरंभी इतर गवतांच्या आधी वाढीला लागते. ब्लू ग्रामा मात्र तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, वाढणारे गवत आहे. एप्रिलमध्ये ते बहुधा वाळलेल्याच अवस्थेत असते. विक्रेत्याने त्या जमिनीवर वर्षानुवर्षे गुरे चारली होती, असे तो स्वतःच सांगत होता. तेव्हा एप्रिलचा मुहूर्त आणि मेची घाई यांत अजाणतेपणा होता, हे मला पटत नाही.

गवत ओळखण्यासाठी ते मुळासकट उपटून पाहावे. चीटग्रास हलक्या हाताने उपटून येते आणि खाली बारीक तंतुमुळांचा झुपका एवढेच असते. वेस्टर्न व्हीटग्रास उपटताना हरळीच्या काश्यांसारखी आडवी खोडे हाती लागतात. चीटग्रासची पाने आणि त्यांची वेष्टने मऊ, दाट लवेने भरलेली असतात. पाते जिथे वेष्टनाला मिळते तिथे फाटक्या कडेचा एक पातळ पापुद्रा दिसतो, पण खोडाला वेढणारी टोके नसतात. वेस्टर्न व्हीटग्रासला ती असतात आणि त्याचे पाते निळसर, ताठ व उठावदार शिरांचे असते. चीटग्रासला लोंबी आल्यावर तर शंका उरत नाही: ती एका बाजूला झुकलेली असते आणि तिच्यातील सरळ कुसळे सुमारे 1 ते 2 सेंटीमीटर लांब असतात. हिरवे असताना जनावरे हे गवत खातात. वाळल्यावर मात्र हीच कुसळे त्यांच्या तोंडात व डोळ्यांत रुततात आणि ऐन उन्हाळ्यात सगळे रान पेट घेण्याजोगे होते.

वकिलाच्या मते, तोंडी आश्वासन सिद्ध करणे अवघड होते. करारात गवताचा उल्लेखच नव्हता आणि ‘खरेदीदाराने स्वतः खात्री करावी’ हे वाक्य मात्र ठळकपणे होते. म्हणून गवतांची नावे करारात लिहून घ्यावीत, जुलैमध्ये जमीन पुन्हा पाहू देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल तर इसार देऊ नये आणि उपटलेले रोप काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात दाखवावे. त्या मातीत मुळात कोणती गवते अपेक्षित आहेत, हे अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याच्या ऑनलाइन मृदा नकाशावर विनामूल्य पाहता येते.

नंतर पुनर्पेरणीसाठी बियाणे घेताना पिशवीवरील लेबलात तणबियांचे प्रमाण आणि उगवण चाचणीची तारीख छापलेली आहे का, हे पाहावे. लेबल नसलेले स्वस्त बियाणे आम्हालाही देऊ केले गेले होते, ते आम्ही परत पाठवले.